शामरॉकच्या पानामागील संत

१७ मार्च रोजी जगभरचे आयरिश लोक हिरवी वस्त्रे लेवून संत पॅट्रिक यांचा सण साजरा करतात. न्यूयॉर्कमधील मिरवणुकीची परंपरा १७६२ सालापासूनची आहे. शिकागोत १९६२ पासून नदीचे पाणीही हिरवे केले जाते. मात्र हे संत जन्माने आयरिश नव्हते, हे आपणास ठाऊक आहे काय?

पाचव्या शतकात होऊन गेलेले पॅट्रिक हे ब्रिटनमधील एका डीकनचे पुत्र. सुमारे सोळाव्या वर्षी लुटारूंनी त्यांना आयर्लंडला नेले. सहा वर्षे त्यांनी गुलामीत मेंढरे राखली. पूर्वी देवाला विसरलेला तो मुलगा तेथे हिमापावसात प्रार्थना करू लागला. पुढे निसटून ते घरी पोहोचले. परंतु स्वप्नात आयरिश लोकांची हाक ऐकून त्याच भूमीत परतले आणि त्यांचे बिशप झाले.

शामरॉकच्या त्रिदलाने त्रैक्य समजावल्याची कथा फार नंतरची आहे. परंतु कोरोटिकसच्या सैनिकांनी नवख्रिस्ती जनांना ठार केले, कित्येकांना गुलाम केले, तेव्हा पॅट्रिक यांनी लिहिलेले निषेधाचे पत्र आजही उपलब्ध आहे.

वाचकहो, सणाचा रंग एका दिवसात उतरतो. ज्यांनी आपणास दास केले त्यांच्याच दारी शुभवर्तमान नेणारी क्षमा मात्र पंधराशे वर्षे टिकून आहे. तीच आपण प्रभूपाशी मागू या.