रेव्हरंड टिळक

फुलांमुलांचे कवी म्हणून नारायण वामन टिळक महाराष्ट्राला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याची वाट मात्र फुलांची नव्हती.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लहानपणीच मातेचे छत्र हरपले आणि ते घर सोडून नाशिकला आले. तेथे त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. १८८० साली त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. स्वभाव मोठा मनस्वी. एका जागी फार काळ रमणे त्यांना ठाऊकच नव्हते.

१८९३ साली आगगाडीने राजनांदगावला जात असता एका सहप्रवाशाने त्यांना बायबलाचा नवा करार दिला. टिळक तो प्रथम चिकित्सक दृष्टीने वाचू लागले. पुढे ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. तरीही निर्णय सोपा नव्हता. त्या काळी धर्मांतर करणाऱ्याला जातीबाहेर काढीत. आप्तांच्या घरी त्याला पाणीही मिळत नसे. पत्नी आपल्याबरोबर येईल की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे मनाची घालमेल चालली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची अधिक किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनीच, असे म्हटले पाहिजे. त्यांच्या मनाची तयारी होण्यापूर्वीच टिळकांनी हे पाऊल उचलले होते. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या बाईवर जणू आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असूनही सुमारे पाच वर्षे त्यांच्या वाट्याला वियोग आला. इकडे टिळक अहमदनगरला मिशनचे काम करीत. पत्नी व मुलगा यांच्या आठवणीने व्याकूळ होत. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. विचारांती, आपल्याच मनाच्या कौलाने, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, पण ओवी-अभंगांची भाषा सोडली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. कीर्तनाच्या रूपाने त्यांनी ख्रिस्तचरित्र गायिले. बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले.

१९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे मुक्तद्वार होते. उद्याची शाश्वती नव्हती. हे कार्य मूळ धरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्यांना टिळकांनीच लिहावयास-वाचावयास उत्तेजन दिले होते, त्या लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली आणि त्याचे पुढील ६४ अध्याय रचले.