टेंभुर्णी ते इंदापूर

सोलापूरहून पुण्याला जाताना एस.टी.त टेंभुर्णीला माझी झोप मोडते आणि इंदापूरला चहा होतो. मधलं अंतर तासाभराचंही नाही. पण एका शाहिराचं कलापथक पहिल्या गावात उभं राहिलं आणि दुसऱ्या गावाजवळ त्याचा आवाज थांबला. तो शाहीर म्हणजे अमर शेख.

मित्रांनो, हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुस्लिम घरात जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी लोकगीतं गायची, तीच त्यांची पहिली शाळा. कॉलेज वगैरे नशिबातच नव्हतं. पोटासाठी गाडीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. संपात पुढे झाले म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेले. तिथं साम्यवादाशी ओळख झाली आणि आईकडून आलेल्या गाण्याला काम मिळालं.

१९४४ मध्ये टेंभुर्णीला अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पोवाडा, लावणी, तमाशा हे प्रकार जुनेच, पण आता त्यांत कामगार आणि शेतकरी बोलू लागला. १९४७ साली देश धर्मावरून फाटत असताना त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजानं सभाच्या सभा पेटल्या. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात या आवाजाचाही वाटा आहे. २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ५२.

हे सगळं वाचलं आणि स्वतःचीच थोडी लाज वाटली. गॅदरिंगला आम्ही भाड्याचे मोठमोठे स्पीकर लावून रात्रभर नाचतो. पण होस्टेलच्या पाण्याबद्दल मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसले. मीही त्यातलाच. इंटर्नल मार्कांची भीती, दुसरं काय!

त्यांनी गाण्यापायी नोकरी, घर, सुख काहीच सांभाळलं नाही. आपल्याला एवढं जमणार नाही, मान्य. पण पुढच्या मीटिंगला निदान हात तरी वर करायचा, असं मी ठरवलंय. टेंभुर्णी आली की आता मी जागाच असतो.