पुतळ्यापुढे उभी राहिले तेव्हा

लेकीला कॉलेजात पोचवायला मी पुण्याला गेले, तेव्हा विद्यापीठाच्या आवारात सावित्रीबाई फुल्यांचा पुतळा पाहिला. २०२२ साली बसविलेला. उंच ताबूत पाहून पाहून आपल्याला कडेगावात मान वर करायची सवय. तशीच वर करून पाहत राहिले. मी सातवी शिकलेली. मनात आले, ही तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातली, नायगावच्या पाटलाची लेक!

जन्म ३ जानेवारी १८३१ चा. १८४० साली लग्न झाले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. जोतिरावांनी शिकविले, आणि १८४८ पासून त्या भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागल्या. वाटेत लोक शेण मारीत, म्हणून बदलायला दुसरे लुगडे नेत, असे सांगतात. (रोज दोन लुगड्यांचे धुणे, हे मात्र कोणी सांगत नाही!)

फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची त्यांनी घरीच सोय केली. पोटी मूल नव्हते. अशाच एका विधवेचा यशवंत दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केले.

१८९० साली जोतिराव गेले. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती धरले नि प्रेतापुढे चालल्या. माझे वडील गेले तेव्हा मी उंबऱ्यापासूनच मागे फिरले होते. पुतळ्यापुढे मला तेच आठवत राहिले.

१८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात पोचल्या. त्याच आजाराने १० मार्चला गेल्या.