हिंगणघाटला थांबलेला मोजणीदार

सध्या आपल्या सिव्हिलच्या मुलांत जीआयएस आणि रिमोट सेन्सिंगची चलती आहे. कुणी सुट्टीत क्लास लावतो, कुणी डेहराडूनच्या आयआयआरएसचे मोफत ऑनलाइन वर्ग करतो, कुणी रूमवर क्यूजीआयएस टाकून रात्र जागवतो. मीही त्यातलाच. पण माझं या विषयात खरं मन लागलं ते दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसामुळे. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. एव्हरेस्ट सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो ज्याच्या हाताखाली तयार झाला, तो हा लॅम्बटन.

यॉर्कशायरमधल्या गरीब घरातला हा मुलगा गणितात हुशार होता. पलटणीत भरती होऊन अमेरिकेत लढायला गेला, यॉर्कटाउनला १७८१ मध्ये कैद झाला. सुटल्यावर आजच्या कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींची देखरेख करत त्याने दहा-बारा वर्षं काढली. आपल्या हिशोबाने करिअर संपल्यात जमा! पण त्या निवांत नोकरीत त्याने गणिताची आणि पृथ्वीच्या आकाराविषयीची पुस्तकं वाचून काढली. ना कॉलेज, ना सर्टिफिकेट.

पुढे पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री फौज दक्षिणेला निघाली होती. आकाशातल्या ताऱ्यांवरून लॅम्बटनच्या लक्षात आलं, की आपण उत्तरेला, म्हणजे सरळ टिपूच्या सैन्याकडे चाललोय. त्याने जनरलला सांगितलं आणि फौज वाचली. टिपू पडल्यावर त्याने वरिष्ठांपुढे योजना मांडली: या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकायची आणि देश नेमका मोजायचा.

हत्यारं कुठून आणणार? पोलादी साखळी मिळाली ती चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेलेली आणि तिथे नको झालेली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट लंडनहून निघाला, तर वाटेत जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि तो मॉरिशसला पोचला. फ्रेंच मोठ्या मनाचे, त्यांनी तो मद्रासला पाठवून दिला.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिल्या बेसलाइनची मोजणी सुरू झाली. (म्हणूनच १० एप्रिलला आपण राष्ट्रीय सर्वेक्षण दिन पाळतो.) साडेसात मैल अंतर, शंभर फुटांची साखळी. म्हणजे जवळजवळ चारशे वेळा ती उचलून पुढे मांडायची. ऊन लागलं की पोलाद वाढतं, म्हणून साखळीवर तंबूची सावली आणि शेजारी थर्मामीटर. या कामाला ५७ दिवस लागले. आपल्या सर्व्हे कॅम्पला दुपारी बारा वाजता टेप गुंडाळणाऱ्यांनी हा आकडा जरा मनात घोळवावा. एकदा ही एक बाजू पक्की झाली की पुढचं सगळं कोनांवर. तीन टेकड्या, त्यांच्यातले कोन आणि साइनचं सूत्र. पण पायाच चुकला तर चूक त्रिकोणागणिक पुढे सरकत जाणार. म्हणून दोन वर्षांनी बंगळूरजवळ त्याने दुसरी बेसलाइन प्रत्यक्ष मोजली आणि मद्रासवरून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला काही इंचांचा.

साखळी मंगळूरला पोचली तेव्हा कळलं, की नकाशांवर चारशे मैल दाखवलेला द्वीपकल्प तिथे भरतो जेमतेम ३६०.

मग त्याने उत्तर-दक्षिण रेषा धरली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोठं वर्तुळ वाकलं. नवं यंत्र इंग्लंडहून यायचं म्हणजे वर्षं जाणार. लॅम्बटन यंत्र घेऊन बसला आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू, कप्पी लावून ते वर्तुळ केसाकेसाने सरळ केलं. त्याचं मोठेपण मला नकाशापेक्षा या सहा आठवड्यांत जास्त दिसतं.

अर्थात ही मोजणी आपल्या भल्यासाठी चालली नव्हती. नवा मुलूख कंपनीच्या मुठीत नीट बसावा, हा हेतू होताच. आणि टेकड्यांवर झेंडे धरून उभे राहणारे, जंगलात तापाने फणफणणारे खलाशी आपलेच लोक होते. त्यांची नावं मात्र शोधूनही सापडत नाहीत.

१८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि त्याच वर्षी तरुण जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आला. लॅम्बटन तोवर थकला होता, तरी काम सोडेना. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या आसपास, तो हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. आपल्या वर्ध्याच्या पोरांनाही हे माहीत नसतं!

रेषा पुढे एव्हरेस्टने नेली. सॉफ्टवेअरमध्ये डेटम निवडताना यादीत एव्हरेस्ट १८३० असं दिसतं ना, पृथ्वीच्या त्या आकाराच्या मुळाशी हिंदुस्थानातली हीच मोजणी आहे. आपल्या जुन्या टोपोशीट त्याच आकारावर काढलेल्या आहेत. जीपीएस आणि उपग्रहाची चित्रं मात्र डब्ल्यूजीएस ८४ वर असतात. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच सुमारे ८६१ मीटरचा फरक. डेटम न बदलता जुनी शीट उपग्रहाच्या चित्रावर टाकली, तर विदर्भात गोष्टी शे-दीडशे मीटर बाजूला सरकतात. म्हणजे एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतात! नोकरीत गेल्यावर कालव्याची किंवा रस्त्याची आखणी अशा नकाशावर झाली, तर भूसंपादनाची नोटीस भलत्याच शेतकऱ्याच्या दारात जाईल. बटण कुठलं दाबायचं हे क्लासमध्ये पंधरा दिवसांत शिकवतात. ही सरक कुठून आली, हे मला लॅम्बटन वाचल्यावर कळलं.

सर्व्हे लॅबच्या डाव्या कपाटात जुन्या शीट आहेत. सरांना विचारून एखादी स्कॅन करा आणि आपलं गाव शोधून बघा.