रमाबाई रानडे : घरातून गावाकडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने काही ना काही लिहून दिलेच पाहिजे असा आग्रह अध्यक्षाबाईंनी धरला. कुणी पाककृती दिली, कुणी सहलीचे वर्णन दिले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. लेख लिहिण्याची मला सवय नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आणले आणि दुपारची कामे आटोपल्यावर थोडे थोडे करून वाचून काढले. त्या थोर बाईंची ओळख आपल्या भगिनींना करून द्यावी असे तेव्हाच मनात आले होते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाईंचे नाव आपण ऐकलेले असते. आपणांपैकी पुष्कळजणींनी २०१२ साली लागलेली त्यांच्यावरची मालिकाही आवडीने पाहिली असेल. नवऱ्याने बायकोला शिकविले एवढीच त्यांची गोष्ट आपल्या लक्षात राहते. पण माधवराव १९०१ साली वारले आणि रमाबाई त्यानंतर २३ वर्षे जगल्या. त्यांचे मोठे काम झाले ते याच वर्षांत.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यात. माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. घर खानदानी, परंतु मुलींना अक्षर शिकविण्याची रीत तेथे नव्हती. १८७३ साली ११ व्या वर्षी त्यांचे लग्न झाले. माधवराव तेव्हा ३१ वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. समाजसुधारकांत त्यांचे नाव मोठे, त्यामुळे ते विधवेशी विवाह करतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले. मग घरात आलेल्या त्या लहान मुलीला शिकवून शहाणी करावयाचे त्यांनी मनावर घेतले आणि पाटीवर श्रीगणेशापासून आरंभ केला.

हे शिक्षण सुखासुखी झाले नाही. वाड्यात सासूबाई होत्या, वन्सं होत्या, नात्यातल्या आणखी बायका होत्या. बाईमाणसाने पुस्तक हातात धरणे त्यांना मुळीच खपत नसे. टोमणे, अबोला, मुद्दाम दिलेली जास्तीची कामे, सगळे झाले. इंग्रजी शिकवावयास मडम येत असत. त्यांना शिवल्याबद्दल पुन्हा आंघोळ करावी लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे माधवरावांच्या डोळ्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा वर्तमानपत्रे रमाबाईच त्यांना वाचून दाखवीत. जगात काय चालले आहे, सरकार कोणता कायदा करीत आहे, हे त्यांना रोजच्या रोज कळू लागले. घरात वर्तमानपत्र येते पण ते पुरुषमंडळींच्याच हाती असते, असे आजही किती घरांत असते हे आपणच आठवून पाहावे.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे स्वतंत्र संसार असल्यामुळे रमाबाईंना थोडी मोकळीक मिळाली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने त्यांनी बायकांना घरी बोलावले आणि मुलींच्या शाळेविषयी त्यांच्या मनात गोडी उत्पन्न केली. आपण ज्याला नुसती रीत म्हणतो त्याचा किती चांगला उपयोग करता येतो पाहा. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी खटपट सुरू झाली. तेव्हा गव्हर्नर फर्ग्युसन साहेबांपुढे भर सभेत इंग्रजीतून ती मागणी मांडावयास उभ्या राहिल्या त्या रमाबाई. वय विशीच्या थोडे पुढे. १८८४ साली ते हायस्कूल निघाले. तेच पुण्याचे प्रसिद्ध हुजुरपागा. सभेत मानाने बोलून आलेल्या सुनेला घरात मात्र बोलणीच खावी लागली.

१८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. त्या काळी आपले भाईंदर म्हणजे मिठागरे, भातशेती, कोळीवाडे आणि खाडी. मुंबईत मात्र शिकलेल्या घरांतल्या बायका हळूहळू एकत्र येऊ लागल्या होत्या. रमाबाईंनी त्यांचे मंडळ जमविले. शिवणकाम, भाषा, सामान्य ज्ञान यांचे वर्ग चालविले. आपले मंडळ जे करते त्याचेच हे जुने रूप म्हणावयास हरकत नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. रमाबाई पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या विधवेने उरलेले आयुष्य देवघरात घालवावे अशीच समजूत होती. मूलबाळ नव्हते, पैशाची विवंचना नव्हती, मानही होता. त्या स्वस्थ बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. पण त्या बाहेर पडल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या कामात त्या पुढे होत्या. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले आणि १९०९ साली पुण्यात.

पुण्याच्या सेवासदनात गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य होते. तेथे लिहिणेवाचणे, शिवण, शिक्षिकेचे शिक्षण असे वर्ग सुरू झाले. परंतु मला सर्वांत मोठे वाटते ते परिचारिकांचे काम. १९११ च्या सुमारास सेवासदनाने ससून रुग्णालयात आपल्या मुली नर्सिंग शिकावयास पाठविल्या. त्या काळी हे काम चांगल्या घरच्या बाईने करावयाचे नाही असे लोक समजत. परक्या माणसाला, त्यातून परक्या जातीच्या माणसाला हात लावावयाचा, रात्रपाळी करावयाची, हे कुणाला पटत नसे. पण बाळंतीण बाई पुरुष डॉक्टरांपुढे जावयास लाजते आणि घरातच जीव गमावते. अशा ठिकाणी शिकलेली बाईच हवी, हे रमाबाईंनी ओळखले. ज्या विधवा घरात ओझे समजल्या जात त्यांनाच त्यांनी गावाच्या उपयोगी पाडले. बाईला पोटापुरते मिळाले आणि गावाला औषधपाणी करणारे हात मिळाले.

आपल्या गावी आज सरकारी दवाखान्यात लस टोचणारी, घरोघरी येऊन डासांची अंडी शोधणारी, गरोदर बायकांची नोंद करणारी बहुधा बाईच असते. तिला दाराबाहेर ताटकळत ठेवताना या गोष्टीची आठवण ठेवावी.

रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील बायकांना भेटावयास नियमाने जात. रुग्णालयांत आजाऱ्यांसाठी फळे, फुले व पुस्तके घेऊन जात. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास आळंदीला जत्रा भरे, तेव्हा सेवासदनाच्या बायका घेऊन त्या तेथे यात्रेकरू स्त्रियांच्या मदतीस राहात. गर्दीत चुकलेली म्हातारी, आजारी पडलेले मूल यांची जबाबदारी कुणाची? जिथे अशी जबाबदारी कुणाचीच नसते, तिथे ती आपली, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते.

पण नुसत्या सेवेवर त्या थांबल्या नाहीत. १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. पुण्यात वाद निघाला की पैसा अपुरा आहे, तर सक्ती आधी मुलांपुरतीच करावी, मुलींचे मागाहून पाहू. पैसा कमी पडला की मुलीच्या ताटातले कमी करावयाचे, हा आपल्याकडचा जुनाच हिशेब. तेव्हा १९२० साली पुण्यातल्या बायका रस्त्यावर मिरवणुकीने निघाल्या आणि त्यांच्या पुढे होत्या साठीला आलेल्या रमाबाई. कर घेणारी नगरपालिका तो पैसा कशावर खर्च करते हे विचारणे बायकांचेही काम आहे, हे त्यांनी पुण्याला दाखवून दिले.

मतदानाच्या हक्कासाठीही त्यांनी तशीच खटपट केली. १९१९ च्या कायद्याने बायकांना मत द्यावे की नाही हे प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडले होते. मुंबई कौन्सिलने १९२१ साली हा हक्क मान्य केला. १९२३ च्या निवडणुकीत आपल्या इलाख्यातील बायकांनी प्रथमच कौन्सिलसाठी मत दिले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, एप्रिल १९२४ मध्ये, रमाबाईंचे देहावसान झाले. तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक मुली व स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

एखादी भगिनी म्हणेल, त्या न्यायमूर्तींच्या पत्नी, त्यांना काय कठीण? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. १९२१ चे मतही घरदार, मालमत्ता असलेल्यांनाच होते. उत्तनची कोळीण किंवा मिठागरावर राबणारी बाई त्यात नव्हती. तिला मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने, आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते वापरता आले. त्याही वेळी देशातील सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली, कारण यादी करणाऱ्यांना त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची ओळख. हक्क कायद्यात लिहिला म्हणजे हातात येतोच असे नाही.

पुढे १९९३ साली घटनादुरुस्तीने नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. आपली मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ साली स्थापन झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. तेथे आता निम्म्या जागांवर बायका बसू शकतात. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईने स्वतः वाचून सही करावी आणि आपण मतदारांनीही आपले काम तिच्या यजमानांना नव्हे, तिलाच सांगावे. नाहीतर एवढे मिळवून काय उपयोग?

दोन वर्षांमागे आपल्या गल्लीतील उघड्या गटारामुळे घरोघरी तापाचे रोगी झाले होते. एकेकटीने जाऊन सांगितले तेव्हा कचेरीत कुणी लक्ष दिले नाही. मग मंडळाने एक अर्ज लिहिला, ६१ जणींनी सह्या केल्या, आवक क्रमांक घेतला आणि दर आठवड्याला चौघीजणी विचारावयास गेल्या. दोन महिन्यांनी गटारावर लाद्या बसल्या. सह्या करणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी आपले पूर्ण नाव कागदावर फार वर्षांनी लिहिले होते.

मागताना आपल्याकडेही पाहावयास हवे. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर जाऊन पडत आला आहे. तो पेटला की धूर तिथल्या बायकामुलांच्या नाकातोंडात जातो. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करावयाचा कंटाळा आला की त्या धुराची आठवण करावी. आपल्या उंबऱ्याबाहेर टाकलेले दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्यात जाते.

रमाबाईंनी जे मिळविले ते रोज थोडे वाचून, चारचौघींना जमवून आणि नेटाने मागणे लावून धरून मिळविले. यात आपल्याला न जमण्यासारखे काय आहे? येत्या वर्षात निदान तीन कामे मंडळाने अंगावर घ्यावीत अशी माझी नम्र सूचना आहे. प्रत्येक भगिनीचे नाव मतदारयादीत आहे की नाही ते तपासावे. दुपारी एक तास वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन ठेवावे, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल. आणि तक्रारींचे एक वहीपुस्तक ठेवून त्यात अर्जाची तारीख, आवक क्रमांक व उत्तर लिहीत जावे. वहीचे काम करावयास मी तयार आहे.