प्रकरणासह वाचलेली लेणी : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

सूत्राचा अर्थ प्रकरणावाचून लावू नये, हा महानुभावीय टीकाकारांचा दंडक होय. सूत्र कोठे, कोणास आणि कोणत्या निमित्ताने निरूपिले हे कळल्याविना अर्थ पांगळा राहतो. हाच न्याय दगडात कोरलेल्या अक्षरांना लावणारे विद्वान म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोमंतकात कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. दामोदरपंतांचे शिक्षण अमेरिकेत झाले. १९२९ मध्ये ते हार्वर्डचे पदवीधर झाले. त्यांचा मूळ विषय गणित. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. पुण्याहून मुंबईस ते डेक्कन क्वीनने जात. लोणावळे-खंडाळ्याचा घाट असा त्यांच्या नित्याच्या वाटेवर होता.

त्या घाटाच्या माथ्यालगत कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून त्याच्या कमानीतील प्राचीन लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. पाहणारे बहुधा शिल्पाची स्तुती करून परततात. कोसंबींनी मात्र विचारले, हे स्थान येथेच का? उत्तरासाठी ते पायी हिंडले. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटा, त्या वाटांवरील देवींची ठाणी आणि तेथे सापडणारी सूक्ष्म पाषाणाची हत्यारे यांची त्यांनी सांगड घातली. लेण्यांच्या आधीही मनुष्य याच वाटांनी चालत होता, हा त्यांचा निष्कर्ष होय.

कार्ल्याच्या लेण्यात दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. दार घडविणाऱ्या सुताराचेही नाव आहे. पूर्वी नजरेतून सुटलेले काही लेख कोसंबींनी टिपले व १९५५ मध्ये धेनुकाकटावर लेख प्रसिद्ध केला. हे गाव लेण्याच्या जवळपासच असावे, असे त्यांचे मत होते. उषवदाताने करजिक गाव वालूरक लेण्यातील भिक्षूंस दिल्याचीही येथे नोंद आहे. म्हणजे लेणे एकटे कधीच नव्हते. गाव, शेत व वाट यांच्या आधारावरच ते उभे राहिले.

कार्ल्यास चैत्याच्या दारापुढे एकवीरेचे देऊळ आहे. कोसंबी स्वतः ईश्वरवादी नव्हते, तरी कोळ्यांच्या या श्रद्धेस त्यांनी उपरे मानून दूर सारले नाही. तिच्यात त्यांना जुन्या मातृदेवतांचा माग दिसला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या दृष्टीचे मोल बेडशाच्या उदाहरणाने कळते. १८६१ च्या सुमारास एका अधिकाऱ्याच्या भेटीसाठी तेथील चैत्यगृह साफसूफ करण्यात आले आणि जुनी रंगचित्रे कायमची गेली. हेतू वाईट नव्हता; परंतु आपण काय पुसतो आहोत याचे ज्ञान नव्हते. स्थानाची सेवा करू पाहणाऱ्याने प्रथम त्याचे प्रकरण जाणावे. पाण्याची पोढी, चढणीची वाट, पायथ्याचे गाव आणि वाटेवरचा शेंदूर लावलेला दगड, हे सर्व त्या प्रकरणातच येते.