पाद्री थॉमस स्टीफन्स आणि भाषांची भावकी

मोरा बंदरावर उतरणाऱ्या मनुष्याच्या कानीं आगरी, कोळी व पुस्तकी मराठी एकाच दिवशीं पडतात. आपली बोली म्हणजे शुद्ध भाषेचें बिघडलेलें रूप, असें समजून कित्येक बंधु चारचौघांत तोंड उघडण्यास लाजतात. अशांनीं पाद्री स्टीफन्स यांचें चरित्र अवश्य वाचावें.

यांचा जन्म इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं झाला. ते रोमन पंथाचे. १५७५ सालीं रोम शहरीं येशूसंघांत शिरले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गलबतानें निघून ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले, आणि पुढील चाळीस वर्षें त्यांनीं तिकडेच, बहुतेक साष्टी प्रांतांत, काढिलीं.

येथील बोली त्यांनीं लोकांत राहून शिकून घेतल्या. १५८३ सालीं भावास धाडिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं, या देशच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते. ही गोष्ट लहान नव्हे. संस्कृतांतील पितृ व मातृ हे शब्द घ्या. लॅटिनांत ते पातेर व मातेर असे आहेत. या सर्व भाषा एकाच मूळ कुळांतल्या असाव्या, हा सिद्धांत सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं मांडिला. स्टीफन्स यांस ती भावकी दोनशें वर्षें आधीं जाणवली होती.

१६०८ सालीं त्यांनीं रोमेस विनंती केली कीं, येथील लिपीचे खिळे पाडण्यास परवानगी मिळावी. खिळे आले नाहींत. म्हणून त्यांचें ख्रिस्तपुराण राचोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी, पण ग्रंथ सोपा व्हावा म्हणून त्यांनीं गोंयच्या बोलीचे शब्द जाणूनबुजून त्यांत मिसळिले. मराठीचे स्तुतिकार म्हणून त्यांस सर्व ओळखतात. परंतु ज्या कोंकणीस लोक घरगुती बोली समजत, तिचेंही त्यांनीं व्याकरण रचिलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें, आणि माझ्या मतें मोठेपण येथेंच अधिक आहे. ज्यास नियम आहेत तें बिघडलेलें कसें म्हणावें? मराठी व कोंकणी या प्राकृतांतून आलेल्या बहिणी होत. एक दुसरीची मोडकी प्रत नव्हे. आपली आगरी तर मराठीचीच एक शाखा.

१६१९ सालीं ते गोव्यांत वारले. व्याकरण १६४० सालीं छापून निघालें. पुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. नंतर १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. हुकूम कागदावर राहिला, बोली तोंडांत राहिली. १९९२ सालीं कोंकणीस भारताच्या घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. पुराणाच्या त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. कानडा प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं मात्र हातानें उतरून घेतलेल्या पोथ्या जपून ठेविल्या होत्या, आणि अशा पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापविलें.